छोटा विमा: हप्ता तर कापला गेला, दावा मिळेल का?

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी देशातल्या कोट्यवधी बचत खात्यांतून दोन छोट्या रकमा वजा होतात. एक ४३६ रुपयांची, दुसरी २० रुपयांची. पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची, दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. त्या कापल्या गेल्या की १ जून ते पुढच्या ३१ मेपर्यंत त्या माणसाचा विमा चालू राहतो. जीवन ज्योतीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर नॉमिनीला दोन लाख रुपये मिळतात. सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख आणि कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख.

पण पासबुकातल्या त्या दोन ओळी वाचतं कोण? खातं बहुतेक वेळा जनधनचं. गावात बँकेचं काम करणाऱ्या ‘बँक मित्रा’ने बोट ठेवलं तिथे सही केलेली किंवा अंगठा उठवलेला, आणि घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. माणूस जातो, तेरावं उरकतं, पासबुक ट्रंकेत पडून राहतं. दोन लाखांवर हक्क असलेलं घर मग वीस हजारांसाठी सावकाराच्या दारात उभं राहतं.

गरिबांच्या विम्याचा विषय निघाला की मंत्रालयापासून विमा कंपनीपर्यंत सगळे एकच आकडा पुढे करतात: इतक्या कोटी लोकांची नोंदणी झाली. मला वाटतं, हिशोब दुसऱ्या टोकाकडून मांडायला हवा. ज्या घरांवर प्रसंग आला त्यांपैकी किती घरांना पैसे मिळाले, किती दिवसांत मिळाले आणि त्यासाठी किती हेलपाटे पडले? एखादी विमा योजना गरिबाशी जबाबदारीने वागते की नाही, हे ओळखायला मला या प्रश्नाइतकी चांगली कसोटी दुसरी सापडलेली नाही.

सूक्ष्म विमा म्हणजे काय

कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, त्यांना झेपेल अशा हप्त्यात आणि त्या प्रमाणात बेताच्या रकमेचा जो विमा काढला जातो, तो सूक्ष्म विमा. मृत्यू, अपघात, आजारपण, जनावर, पीक, घर असं काहीही त्यात येऊ शकतं. भारतात विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २००५ साली त्यासाठी वेगळे नियम केले. बचत गट, स्वयंसेवी संस्था आणि गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या सूक्ष्म वित्त संस्था यांना विमा विकण्याची मुभा त्या नियमांनी दिली. जगात इतक्या लवकर असे नियम करणारे देश फार थोडे होते.

गरीब घराला विमा कशाला हवा, याचं सोपं उत्तर असं की धक्का सगळ्यांनाच बसतो, पण त्यातून उठण्याची ताकद सारखी नसते. पगारदार माणूस आजारी पडला तर रजा असते, मेडिक्लेम असतो, शेवटी एखादी एफडी असते. गवंड्याचा पाय मोडला तर त्याच दिवसापासून मजुरी बंद होते आणि खर्च सुरू होतो. अशा वेळी घरात जे होतं ते आपल्याला माहीत आहे. दुभती गाय विकली जाते, मुलीची शाळा सुटते, मंगळसूत्र गहाण पडतं. त्या वेळेपुरता पैसा उभा राहतो, पण पुढच्या पाच वर्षांची कमाई त्यात जाते. विम्याने हे थांबवावं एवढीच अपेक्षा आहे. त्याने कोणी श्रीमंत होत नाही, आणि तसं सांगून कोणी विकत असेल तर तो फसवतो आहे.

हे खरोखर थांबतं का? केनियाच्या उत्तरेला मार्साबित नावाचा कोरडा भाग आहे. तिथले लोक उंट, गुरं आणि शेळ्यामेंढ्यांवर जगतात. २०१० साली तिथे जनावरांसाठी वेगळ्या पद्धतीचा विमा सुरू झाला. कुरणात हिरवळ किती आहे हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजायचं आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की सगळ्या विमाधारकांना पैसे द्यायचे. दुसऱ्याच वर्षी, २०११ साली, भीषण दुष्काळ पडला आणि पैसे वाटले गेले. अभ्यासकांनी नंतर घरोघर विचारलं. ज्यांच्याकडे बऱ्यापैकी जनावरं होती, त्या विमाधारकांना ती मातीमोल भावात विकावी लागण्याचं प्रमाण घटलं. ज्यांच्याकडे जनावरं फार कमी होती, त्यांची जेवणं कमी करण्याची वेळ टळली. वेळेवर आलेला पैसा काय करतो ते यातून दिसतं.

४३६ रुपयांचा हिशोब

विमा आणि भिशी यांची अनेकदा गल्लत होते. भिशीत आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात आपला नंबर लागूच नये अशी प्रत्येकाची इच्छा असते आणि बहुतेकांचा तो लागतही नाही. ‘वीस वर्षं भरले, काहीच परत आलं नाही’ ही तक्रार म्हणूनच ऐकू येते. ते पैसे कुठे गेले? ज्याच्यावर प्रसंग आला त्याच्या घरी गेले, किंवा निदान जायला हवे होते.

जीवन ज्योतीच्या ४३६ रुपयांपैकी ३९५ रुपये विमा कंपनीकडे जातात. ३० रुपये नोंदणी करणाऱ्या प्रतिनिधीसाठी आणि ११ रुपये बँकेच्या खर्चासाठी धरलेले आहेत. हजार माणसं धरली तर कंपनीकडे जमतात ३ लाख ९५ हजार. त्या हजारांत वर्षभरात दोघांचा मृत्यू झाला की ४ लाख द्यावे लागतात. म्हणजे १८ ते ५५ या वयोगटात (नवीन नोंदणी ५०पर्यंतच होते) हजारी दोनच्या आत मृत्यू राहिले तरच हे गणित बसतं.

२०१५ ते २०२२ पर्यंत हा हप्ता ३३० रुपये होता आणि सुरक्षा विम्याचा १२ रुपये. तेव्हा ते बसत नव्हतं. हप्ते वाढवताना केंद्र सरकारने जाहीर केलेले आकडे पाहा. ३१ मार्च २०२२ पर्यंत जीवन ज्योतीत हप्त्यापोटी ९,७३७ कोटी रुपये जमा झाले आणि दाव्यांपोटी १४,१४४ कोटी दिले गेले. सुरक्षा विम्यात जमा १,१३४ कोटी आणि दिले २,५१३ कोटी.

गरिबाच्या बाजूने पाहिलं तर हे छानच वाटतं, कारण भरलेल्यापेक्षा जास्त परत आलं. पण ज्या योजनेत कंपनीला दर दाव्यामागे तोटा होतो, ती विकायला, समजावून सांगायला आणि दावेदाराला शोधून काढायला कंपनी उत्साह कुठून आणणार? हप्ता अति स्वस्त ठेवला की सेवा आटते. तेव्हा स्वस्त म्हणजेच गरिबाच्या हिताचा, हे समीकरण मला घाईचं वाटतं. योग्य हप्ता तो, ज्यात दावे भागतात, दाव्यासाठी धावपळ करणाऱ्या माणसाचा पगार निघतो आणि कंपनीला बेताचा नफा राहतो.

खर्चाचीही मोठी अडचण आहे. पन्नास लाखांच्या पॉलिसीचा फॉर्म भरायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच पन्नास हजारांच्या पॉलिसीला लागतो. म्हणून छोटा विमा एकेकट्याला विकणं परवडत नाही. गट, बँक, सहकारी संस्था, मोबाइल कंपनी किंवा कर्ज देणारी संस्था यांच्यामार्फत एकदम हजारो लोकांना तो द्यावा लागतो. खरे घोटाळे इथूनच सुरू होतात, कारण मध्ये उभा असलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न येतो.

कर्जाच्या शेपटाला बांधलेला विमा

सूक्ष्म वित्त संस्थेकडून चाळीस हजारांचं कर्ज मंजूर होतं आणि हातात थोडे कमीच पडतात. काही रक्कम प्रक्रिया शुल्कात गेलेली असते, काही विम्यात. हा बहुतेकदा कर्जाशी जोडलेला जीवनविमा असतो. कर्जदार बाई किंवा तिचा नवरा वारला तर राहिलेलं कर्ज विम्यातून फिटतं. यात वाईट काही नाही. बाईच्या मागे तिच्या मुलांच्या डोक्यावर कर्ज राहत नाही, गटातल्या इतर बायकांवर बोजा येत नाही. पण नीट पाहिलं तर आधी सुरक्षित होते ती संस्थेची वसुली. घराला हातात काही मिळेल की नाही हे पॉलिसीवर अवलंबून असतं, आणि ती पॉलिसी बाईने पाहिलेली नसते. शिवाय विमा कंपनी निवडते संस्था आणि पैसे भरते बाई. त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा कमी हप्त्यासाठी होण्याऐवजी संस्थेला जास्त कमिशन देण्यासाठी होऊ शकते.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ च्या सूक्ष्म वित्त नियमांत याबाबत स्पष्ट सांगितलं आहे. कर्जाव्यतिरिक्त दुसरं काहीही द्यायचं असेल तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी, आणि त्याचं शुल्क कर्ज कार्डावर लिहिलेलं हवं, तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. बचत गटाच्या बैठकीत कोणी हे कार्ड काढून वाचलं तर बराच उजेड पडेल.

सक्तीचा परिणाम काय होतो, हे कर्नाटकात एकदा मोजलं गेलं आहे. २००७ च्या सुमारास एका मोठ्या सूक्ष्म वित्त कंपनीने कर्जाच्या नूतनीकरणाबरोबर आरोग्य विमा बंधनकारक केला. हेतू तसा चांगला होता. पण अनेक बायकांनी विमा नको म्हणून कर्जच सोडलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात नूतनीकरणाचं प्रमाण शंभरामागे सुमारे १६ ने घसरल्याचं दिसलं. ज्यांनी विमा घेतला त्यांनाही कार्डं वेळेवर मिळाली नाहीत, दावा कसा करायचा ते समजलं नाही. या बायका विम्याच्या विरोधात होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर जी वस्तू ठेवली गेली तिच्यावर त्यांचा भरवसा बसला नाही, आणि तो न बसण्याला कारणही होतं.

विश्वास एका रात्रीत कसा जातो

झिम्बाब्वेत २०१० च्या अखेरीस एका मोबाइल कंपनीने इकोलाइफ नावाची योजना काढली. महिन्याला ठरावीक रकमेचा टॉकटाइम वापरा आणि जीवनविमा मोफत मिळवा. सात महिन्यांत देशातल्या प्रौढांपैकी जवळपास पाचवा हिस्सा विम्याच्या छत्राखाली आला. जगभरच्या परिषदांत तिचं कौतुक झालं. मग मोबाइल कंपनी आणि तंत्रज्ञान पुरवणारी कंपनी यांच्यात पैशावरून वाद झाला आणि २०११ साली योजना अचानक बंद पडली. एवढ्या लोकांचं संरक्षण एका दिवसात संपलं. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विमा घेतला होता, त्यांतल्या अनेकांनी पुन्हा असलं काही घ्यायचं नाही असं ठरवलं. नोंदणीच्या आकड्याला भुलायचं नाही, असं मी म्हणते त्यामागे हे उदाहरण आहे.

फिलिपिन्समध्ये गाडी उलट दिशेने गेली. तिथली कार्ड ही संस्था ग्रामीण बायकांना छोटी कर्जं देते. १९९४ साली तिने सभासदांसाठी स्वतःचाच मदत निधी सुरू केला आणि उत्साहात पेन्शनचंही आश्वासन देऊन टाकलं. काही वर्षांनी हिशोब तपासला तेव्हा लक्षात आलं की हे आश्वासन पाळायला गेलो तर निधीच काय, संस्थाही बुडेल. त्यांनी तो निधी संस्थेपासून वेगळा केला. १९९९ साली सभासदांच्याच मालकीची परस्पर साहाय्य संस्था उभी केली, आणि तेव्हापासून हप्ते विमागणितज्ञाला विचारून ठरतात. भल्या मनाने दिलेलं पण हिशोब न केलेलं आश्वासन गरिबाला किती महाग पडू शकतं, हे आपल्याकडच्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना वेगळं सांगायला नको.

त्या देशाच्या कायद्याची मला विशेष किंमत वाटते. सूक्ष्म विमा कशाला म्हणायचं हे तिथे किमान मजुरीशी बांधलेलं आहे. २०१३ च्या विमा संहितेनुसार दिवसाचा हप्ता बिगरशेती मजुराच्या किमान दैनिक मजुरीच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि भरपाई त्या मजुरीच्या हजार पटींच्या आत असावी. करार साध्या भाषेत हवा, आणि कागदपत्रं पूर्ण झाल्यावर दहा कामाच्या दिवसांत दावा निकाली निघायला हवा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हैयान वादळ आलं. गावंच्या गावं वाहून गेली, दाखले आणि ओळखपत्रंही गेली. तरीही सूक्ष्म विम्याच्या एक लाखाहून जास्त ग्राहकांना भरपाई मिळाली. कागद वाहून गेले होते हे कंपन्यांनी आणि संस्थांनी समजून घेतलं, कारण गावात त्यांची माणसं होती आणि ती विमाधारकांना चेहऱ्याने ओळखत होती.

दावा कुठे अडतो

आपल्याकडे दावा अडण्याची कारणं ऐकली की वाटतं, यातलं एकही सुटणार नाही असं नाही. मृत्यू दाखल्यावर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. नॉमिनी म्हणून सासऱ्यांचं नाव, आणि ते चार वर्षांपूर्वी वारलेले. खात्यात हप्त्याच्या दिवशी पुरेसे पैसे नव्हते म्हणून विमा गळालेला, पण तसा मेसेज आलेला नाही किंवा आला तो इंग्रजीत. दोन बँकांत दोन खाती, दोन्हींतून हप्ता कापलेला, म्हणून घराला वाटतं चार लाख मिळतील. नियमाप्रमाणे मिळतात दोनच, आणि जास्तीचा हप्ता बुडतो. जीवन ज्योतीत नव्याने नाव घातलं तर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज झालेल्या मृत्यूला पैसे मिळत नाहीत, हेही फॉर्म भरताना कोणी सांगितलेलं नसतं.

सुरक्षा विम्याचं दुखणं वेगळं आहे. त्यात अपघात सिद्ध करावा लागतो. रस्त्यावरच्या अपघाताला पोलिसांचा कागद आणि पोस्टमॉर्टेम असतं. पण शेतात सर्पदंश झाला, माणूस झाडावरून पडला, तर घरचे आधी दवाखाना गाठतात, पोलीस ठाण्याचा विचार त्यांच्या मनातही येत नाही. अशा प्रसंगी दवाखान्याची त्या वेळची नोंद चालते असं योजनेच्या नियमांतच म्हटलेलं आहे. गावात हे माहीत असलेला एक माणूस जरी असला तरी दोन लाखांचा फरक पडतो. आणि झटका येऊन शेतात कोसळलेला माणूस या योजनेत बसत नाही, त्याचा दावा जीवन ज्योतीत करायचा, हेही त्यालाच सांगावं लागतं.

महाराष्ट्राने तर दाव्यांच्या त्रासापायी एक विमाच गुंडाळला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात विमा योजना वर्षानुवर्षं विमा कंपन्यांमार्फत चालत होती. दावे वेळेत निघत नाहीत, किरकोळ त्रुटी काढून नाकारले जातात, अशा तक्रारी साचत गेल्या. २०२३ साली राज्य सरकारने कंपन्यांना बाजूला केलं आणि तेच दोन लाख सानुग्रह अनुदान म्हणून थेट द्यायचं ठरवलं. विम्याची बाजू मांडणाऱ्या माझ्यासारखीलाही हा निर्णय समजतो.

गुजरातेत सेवा या असंघटित कामगार महिलांच्या संघटनेने १९९२ साली विमोसेवा सुरू केली. तिच्यावर झालेल्या अभ्यासांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विमा घेणाऱ्यांत गरिबातल्या गरीब बायकाही होत्या. पण खेड्यांत दावा करणाऱ्यांत त्या मागे पडत होत्या, आणि त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतल्या बायकाच जास्त दावे करत होत्या. म्हणजे हप्ता सगळ्यांचा आणि लाभ थोड्या वरच्या पायरीवरच्यांचा. कारण उघड होतं. आधी दवाखान्याचं बिल खिशातून भरायचं, मग कागद जमवायचे, ते तालुक्याला नेऊन द्यायचे. ज्यांच्याकडे बिल भरायलाच पैसे नाहीत त्या दवाखान्यातच जात नव्हत्या. सेवाने मग बाई दवाखान्यात असतानाच तिच्यापर्यंत पैसे पोचवण्याचे प्रयोग केले. नोंदणीच्या आकड्यावर समाधान मानलं असतं तर ही दरी कधीच दिसली नसती.

पुण्यातल्या वस्त्यांत अपलिफ्टने आणखी वेगळी वाट धरली. हा सभासदांचा परस्पर आरोग्य निधी आहे. दावा मंजूर करायचा की नाही हे सभासदांमधूनच आलेल्या प्रतिनिधींची समिती ठरवते. फाइल समोर ठेवतात, बिल वाचतात, चर्चा करतात. ज्या बाईचे स्वतःचे पैसे त्या निधीत आहेत, ती खोटा दावा पटकन ओळखते आणि खऱ्या दाव्याला तांत्रिक कारणाने नाकारताना तिचा हात थांबतो. जोडीला चोवीस तास फोनवर सल्ला आणि सवलत देणाऱ्या दवाखान्यांची यादी. आजारी पडल्यावर कुठे जायचं, हाच खरा गोंधळ असतो, आणि तिथेच मदत मिळते.

अशा निधींना कायद्यात नीट जागा नाही. भारतात विमा कंपनी काढायची तर किमान १०० कोटींचं भांडवल लागतं. बायकांच्या सहकारी संस्थेने एवढे पैसे आणायचे कुठून? सेवाच्या मिराई चॅटर्जी यांच्या अध्यक्षतेखाली इर्डानेच नेमलेल्या समितीने २०२० साली फक्त सूक्ष्म विमा करणाऱ्या संस्थांसाठी ही अट २० कोटींवर आणण्याची शिफारस केली. ती अमलात यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दावाच करावा लागू नये म्हणून

मार्साबितच्या विम्यात दावा करावाच लागत नाही. हिरवळ ठरलेल्या पातळीखाली गेली की पैसे निघतात. याला निर्देशांकावरचा विमा म्हणतात. भारतात त्याची सुरुवात २००३ साली आंध्र प्रदेशातल्या, आताच्या तेलंगणातल्या, महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीच्या शेतकऱ्यांपासून झाली. पाऊस ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा कमी पडला की भरपाई. पंचनामा नाही, तलाठ्याच्या मागे फिरणं नाही, खोटा दावा करायला वाव नाही.

पण पर्जन्यमापक तालुक्याला आणि शेत बारा किलोमीटरवर. तिथे पाऊस पडला आणि इथे ढग नुसतेच गेले, तर पीक जळूनही पैसे मिळत नाहीत. मोजमाप आणि प्रत्यक्ष नुकसान यांच्यातलं हे अंतर या प्रकारच्या विम्याचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. आपल्या पीकविम्यातही महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर सगळं ठरतं, तेव्हा शेतकऱ्याचा जो संताप होतो तो याच अंतरामुळे. जो हे विकतो त्याने ‘तुमचं नुकसान होऊनही कदाचित पैसे मिळणार नाहीत’ हे वाक्य विकण्याच्या वेळीच उच्चारलं पाहिजे. ते ऐकून दहांपैकी चौघांनी विमा घेतला नाही तरी चालेल.

सेवाने हाच विचार उन्हाला लावला. २०२३ साली गुजरातेत २१ हजार कष्टकरी महिलांचा उष्णतेसाठी विमा काढला. त्या वर्षी ठरवलेली पातळी गाठलीच गेली नाही आणि काही मिळालं नाही. २०२४ साली अटी बदलल्या, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या महिलाही त्यात आल्या, संख्या ५० हजारांच्या आसपास गेली आणि त्यांतल्या बहुतेकींना काही ना काही रक्कम मिळाली. रक्कम मोठी नव्हती. पण भर दुपारी मिठागरात किंवा हातगाडीवर उभं राहण्याऐवजी एखादा दिवस सावलीत बसता यावं, यासाठी ती होती.

पीकविम्यात आपल्या राज्याने दोन धडे दिले आहेत. २०२० साली बीड जिल्ह्यात ठरलं की दावे जमा हप्त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी आले तर कंपनीने जास्तीत जास्त २० टक्के ठेवून बाकीची रक्कम सरकारला परत द्यावी, आणि दावे ११० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भार सरकारने उचलावा. नफ्याला कमाल मर्यादा घालण्याची ही कल्पना सगळ्याच सरकारी अनुदानाच्या विम्यांना लावण्यासारखी आहे. दुसरा धडा एक रुपयाचा. २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपया केला आणि अर्ज गेले १ कोटी ७० लाखांच्या घरात. त्यांत सरकारी जमिनी आल्या, दुसऱ्यांची शेतं आली. २०२५ साली ती सवलत बंद करून पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला पाच टक्के हप्ता आला. खऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र संशय आला.

हप्ता किती, याइतकंच तो कधी घेता हेही मोलाचं असतं. पश्चिम केनियातल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक प्रयोग इथे सांगायलाच हवा. तोच पीकविमा, पण हप्ता आधी मागितला तेव्हा शंभरातल्या पाच शेतकऱ्यांनी घेतला. हप्ता तोडणीनंतर उसाच्या बिलातून कापू म्हटल्यावर शंभरातल्या ७२ जणांनी घेतला. ज्या राज्यात सोसायटीचं कर्ज दरवर्षी कारखान्याच्या बिलातून वळतं होतं, तिथे हे करून पाहायला काय हरकत आहे? अर्थात शेतकऱ्याला विचारून.

विम्याने सगळं सुटत नाही

विमोसेवाच्या दाव्यांत ताप आणि जुलाब यांच्या बरोबरीने एक गोष्ट सतत वर येत राहिली: गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, आणि तीही अनेकदा चाळिशी न गाठलेल्या बायकांची. बीडच्या ऊसतोड महिलांच्या अशाच शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली जे उघड झालं त्याची इथे आठवण होते. दवाखाना बिल लावतो, विमा ते भरतो, आणि शस्त्रक्रियेची गरज होती का हे कोणी विचारत नाही. आरोग्य विमा चालवणाऱ्याने फक्त पैसे देऊन थांबू नये. आपल्याच दाव्यांच्या नोंदी वाचून जिथे काही विपरीत दिसतं तिथे आवाज उठवावा. जुलाबाचे दावे वाढत असतील तर त्या वस्तीला विम्याच्या आधी स्वच्छ पाणी हवं आहे, हे सरकारला सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास काढून एवढं करता येईल. प्रत्येकीने पासबुक आणावं आणि मे-जूनच्या नोंदी शोधाव्यात. हप्ता कापला गेला असेल तर नॉमिनी कोण ते बँकेत विचारून घ्यावं, आणि नाव जुनं असेल तर बदलावं. नॉमिनी अल्पवयीन असेल तर पालक म्हणून कोणाचं नाव आहे तेही पाहावं. कर्ज कार्डावरचा विमा कोणत्या कंपनीचा, रक्कम घराला मिळणार की कर्जखात्यात जाणार, हे कर्ज देणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर विचारावं. गेल्या दोन-तीन वर्षांत गटातल्या कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर त्या माणसाच्या पासबुकातल्या नोंदी आताही तपासाव्यात आणि बँकेत दावा फॉर्म मागावा.

बँक किंवा कंपनी दाद देत नसेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यायची. इर्डाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. कंपनीने नकार कळवल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे अर्ज करावा लागतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.